बिबडे वाळेपर्यंत

माझं गाव धुळे आणि माझं काम धूळ बसवणं. हा विनोद मी आधीच करून टाकतो, कारण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला प्रत्येक गृहस्थ तो जगात पहिल्यांदाच सुचल्यासारखा करतो आणि मग माझ्याकडे हसण्याची अपेक्षा ठेवतो. मी हसतो. धुळ्याच्या माणसाला त्याची सवय असते.

तसा मी साधा स्थापत्य अभियंता. नोकरी जळगाव-धुळे पट्ट्यातल्या बांधकामांवर झाली. शेवटच्या काही वर्षांत मोठ्या कामांच्या परवानगीत धुळीच्या अटी येऊ लागल्या: धूळ उडू देऊ नये, आणि त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. तो कोण, हे ठरवायला बैठक भरली तेव्हा सगळे अनुभवी लोक टेबलाकडे पाहत होते. मी खिडकीबाहेर पाहत होतो, त्यामुळे नेमणूक माझी झाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, धूळ इमारत बांधताना उडते. इमारत बिचारी फारसं काही करत नाही. खरी धूळ चाकाखाली तयार होते. डंपर मुरूम घेऊन येतो, जातो, पुन्हा येतो. त्याच्या चाकांखाली माती दळली जाते आणि वाऱ्याला फक्त उचलायचं काम उरतं. म्हणून आमचा धंदा म्हटला तर अगदी सोपा. गाडी हळू चालवा, माल ताडपत्रीने झाका, रस्त्यावर बेताचं पाणी मारा, बाहेर पडताना चाकं धुवा, आणि लागेल तेवढीच जमीन उघडी करा. यातली एकही गोष्ट कळायला पदवी लागत नाही. करून घ्यायला मात्र बऱ्याच पदव्या कमी पडतात.

'बेताचं पाणी' हा शब्द मला आमच्या टँकरचालकाने, निंबाने, शिकवला. म्हणजे तो स्वतः मुळीच न पाळता शिकवला. धुळ्याजवळच्या एका रस्त्याच्या कामावर तो पाणी मारायचा ते पालखीपुढे सडा घातल्यासारखं. सगळीकडे चिखल. डंपर तो चिखल चाकांना लावून डांबरी रस्त्यावर न्यायचे, तिथे तो तासाभरात वाळायचा, आणि मग येणारी-जाणारी वाहनं त्याचं पीठ करायची. आमच्या हद्दीत धूळ शून्य, हद्दीबाहेर समोरचा ट्रक दिसेना. मी निंबाला म्हटलं, "अरे, तू धूळ बसवतोयस की पोचवतोयस?" तो म्हणाला, "नाना, आपल्या हद्दीत तर नाही ना?" पुढे अनेक मोठ्या साहेबांच्या भाषणांत मला हेच तत्त्वज्ञान अधिक चांगल्या शब्दांत ऐकायला मिळालं.

आता ज्या कामाची गोष्ट सांगायची ते जळगाव शहराबाहेर, नशिराबादच्या रस्त्याला होतं. कांतिशेठ नावाच्या व्यापाऱ्यांचा प्लॉट पाडून विकण्याचा प्रकल्प. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे डाळीच्या धंद्यात पडले, आणि नातवाला जमिनीचा नाद लागला. माणूस दिलदार, धर्माने काटेकोर, कांदा-लसणाला हात न लावणारा. दोष एकच, थाट. प्रकल्पाच्या इंग्रजी नावात हिरवळ होती, दरी होती आणि राजेशाहीही होती. प्रत्यक्षात जमीन तव्यासारखी सपाट होती. रस्ता नव्हता, गटार नव्हतं, पण दोन सिंहांची कमान भूमिपूजनाआधीच उभी राहिली.

त्या भूमिपूजनासाठी शेठनी एक गोष्ट माझ्या नकळत केली. आम्ही काम तीन टप्प्यांत करणार होतो. पहिल्या टप्प्यापुरती जमीन उघडी करायची आणि बाकीच्या जमिनीवर जुन्या कपाशीच्या पऱ्हाट्या, गवत, बाभळी तशाच ठेवायच्या, असं ठरलं होतं. पण पाहुण्यांना 'भव्यता' दिसावी म्हणून शेठनी फाल्गुनात तीन जेसीबी लावून सगळंच्या सगळं शिवार बोडकं करून टाकलं. मी सकाळी आलो तर क्षितिजापर्यंत न्हाव्याने हात फिरवल्यासारखी जमीन.

"कसं वाटतंय, नाना?" शेठ कमानीखाली उभे राहून म्हणाले.

"भव्य आहे," मी म्हटलं. "आता वारा सुटू दे."

तो चैत्रात सुटला. जळगावचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटत नाही. वारा पश्चिमेचा, आणि आमच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडे, एक वस्ती. त्या वस्तीतल्या गच्च्यांवर त्याच दिवसांत बिबडे घातले जात होते.

बिबडा म्हणजे आमच्या खान्देशातला ज्वारीचा पापड. ज्वारी भिजवायची, भरड दळायची, तीळ, जिरं, मिरची, लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा, आणि गच्चीवर पसरलेल्या ओल्या लुगड्यांवर तो हाताने गोल गोल थापायचा. वाळला की कापडाला मागून पाण्याचा हबका मारून सोडवायचा. उडदाच्या पापडावर धूळ पडली तर झटकता येते. ओल्या बिबड्यावर पडलेली धूळ त्याच्यातच शिजल्यासारखी बसते. जगात धूळ पकडण्याचं याहून चांगलं यंत्र मी पाहिलेलं नाही.

पहिल्या वावटळीनंतर दुसऱ्या दिवशी मी आणि शेठ साइट-ऑफिसात बसलो असताना सुमनअक्का आल्या. वस्तीतल्या बारा-पंधरा बायका मिळून उन्हाळाभर बिबडे करायच्या. पुण्या-मुंबईला गेलेली खान्देशी मंडळी ते मागवायची. त्या सगळ्यांच्या म्होरक्या या अक्का. माहेर साक्रीकडचं, त्यामुळे बोलणं अस्सल अहिराणी. हातात सूप, सुपात भाजलेले बिबडे. मला वाटलं, शेजारधर्म.

"खाई देखा, साहेब. मंग बोला."

मी खाल्ला. दाताखाली कचकच असा आवाज झाला, तो बाहेर उभ्या निंबालाही ऐकू गेला.

"कचकच लागस का नही?"

"लागते."

"शेठ, तुम्ही बी खा. तुम्हनासाठे बिनलसूनना करी आनेल शे."

कांतिशेठ अडचणीत आले. लसणाची सबब आधीच काढून घेतलेली. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि तोंड बंद ठेवून बसून राहिले. थुंकावं तर अपमान, गिळावी तर आपलीच जमीन.

"बठ्ठा बिबडा वाया गयात," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज तेवढ्यापुरता खाली आला. "आम्हनं काम दोनच महिनानं शे. ऊन गयं का वरीस गयं. मंग पोरीसनं काय करू सांगा."

प्रश्न एवढाच होता. आमचे प्लॉट पुढच्या वर्षीही विकता आले असते. त्यांचं ऊन पुढे ढकलता येत नव्हतं.

मी टँकर वाढवला. निंबा खुशीत. पण दुसऱ्याच दिवशी अक्का रस्त्यावर टँकरसमोर उभ्या. वस्तीत तेव्हा नळाला पाणी कधी यायचं तर कधी नाही. रिकामे हंडे दारात रांगेत होते आणि त्यांच्यासमोरून निंबाचा टँकर पाणी सांडत चाललेला. "आम्हले पेवाले पानी नही," अक्का म्हणाल्या, "अन् तुम्ही मातीले आंघोळ घाली ऱ्हायनात!" ते पाणी शेतातल्या खाऱ्या विहिरीचं आहे, पिण्याचं नाही, हे मी समजावून सांगितलं. तेवढ्यात एका म्हातारीने बोट बुडवून चाखलं, थुंकलं, आणि माझ्या बाजूने साक्ष दिली. त्या दिवसापुरता मी वाचलो. पण एवढ्या बोडक्या शिवाराला पुरेल इतकं पाणी, गोडं काय नि खारं काय, जिल्ह्यात नव्हतं.

तेव्हा शेठनी तोफ आणली. ट्रकवर बसवलेला एक प्रचंड पंखा असतो, त्याच्या तोंडातून पाण्याचं धुकं दूरवर फेकलं जातं. बंदिस्त जागेत, वारा नसताना, कामाचं यंत्र आहे. पण शेठनी तिला हार घातला, नारळ वाढवला आणि उद्घाटनाला एक मान्यवर बोलावले. मान्यवरांनी पर्यावरणावर बरंच भाषण केलं. त्यांची गाडी आधीच चिंब भिजवलेल्या रस्त्यावरून आली होती, त्यामुळे आपण कशाविषयी बोलतो आहोत हे त्यांना दिसण्याचा संभव नव्हता. मी शेठच्या कानात दोनदा म्हटलं, "वारा पडू द्या, मग सुरू करू." शेठ म्हणाले, "नाना, मुहूर्त वाऱ्याला विचारून असतो का?"

बटण दाबलं गेलं. धुकं उठलं, उडणाऱ्या धुळीत मिसळलं, आणि पश्चिमेच्या वाऱ्याने ते मिश्रण अलगद उचलून रस्त्यापलीकडे नेलं. टाळ्या चालू असतानाच समोरच्या गच्च्यांवर चिखलाचे बारीक शिंतोडे पडू लागले. आधी नुसती धूळ पडत होती, आता कालवलेली. गच्चीवरून अक्कांचा आवाज आला. त्या काय म्हणाल्या ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मान्यवरांना अहिराणी येत नव्हती, म्हणून त्यांनी हात हलवून अभिवादन स्वीकारलं.

त्या संध्याकाळी मी आणि शेठ अक्कांच्या गच्चीवर गेलो. शेठ स्वतःहून म्हणाले, "चला." थाट हा एकच दोष असलेल्या माणसाचा हा फायदा असतो. गच्चीवर ठिपके पडलेली लुगडी गोळा होत होती. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. थोड्या वेळाने एका मुलीने पाणी आणलं, तेव्हा अक्का तिला म्हणाल्या, "तेसले गायी दे, तेसले धूळनी सवय नही." गाळून दे, असा अर्थ. शेठ हसले. मग अक्काही हसल्या, आणि बोलणं सुरू झालं.

मी विचारलं, बिबडा ओला किती वेळ असतो? अक्का म्हणाल्या, सूर्य उगवायच्या सुमारास थापायला घेतो, आणि ऊन डोक्यावर आलं की वरून पापुद्रा धरतो. एकदा पापुद्रा धरला की धूळ चिकटत नाही, झटकली की जाते. इतक्या दिवसांत मी धूळ कुठून येते हे अक्कांना समजावत होतो, आणि ती नक्की कधी नको आहे हे विचारायचं राहून गेलं होतं.

तोडगा तिथेच निघाला. बिबडे ओले असताना डंपर नाही, जेसीबी नाही. सकाळी गवंडीकाम, सळ्या बांधणं, गटारांच्या भिंती, असली बिनधुळीची कामं. मातीचं काम दुपार उतरल्यावर. आणि डंपरचा वेग बैलगाडीचा. खूण म्हणून अक्कांनी गच्चीच्या कठड्याला लाल लुगडं बांधायचं ठरवलं. "लाल लुगडं दिसनं का डंपर बंद. काढी लिधं का चालू."

मोठमोठ्या कामांवर मी वेळापत्रकं पाहिली आहेत, संगणकावर काढलेली, रंगीत पट्ट्यांची. इतक्या काटेकोरपणे पाळलेलं वेळापत्रक मात्र हेच. चालक गाडीत चढण्याआधी घड्याळ न बघता गच्ची बघायचे. सकाळच्या थंड वेळी मजुरांना गवंडीकाम मिळू लागलं, तेही खूश. एकदा मात्र घोटाळा झाला. दुपार टळली, चार वाजून गेले, तरी लुगडं हलेना. सगळे डंपर रांगेत उभे. नेमके बँकेचे साहेब पाहणीला आलेले. शेठचा फोन, "नाना, काम का बंद आहे?"

"लाल लुगडं आहे, शेठ."

शेठनी फोन चालूच ठेवला. मग त्यांनी बँकेच्या साहेबांना सांगितलेलं मला ऐकू आलं, "पर्यावरणाचा एक सिग्नल असतो, साहेब. आम्ही तो फार कडक पाळतो." शेवटी निंबाला पाठवलं, तेव्हा कळलं की बिबडे केव्हाच उतरवले होते, आणि अक्कांच्या सुनेने धुतलेलं लाल लुगडं वाळत घातलं होतं.

कचकच पुष्कळ कमी झाली, पण थांबली नाही. अक्का दर दोन-तीन दिवसांनी सूप घेऊन यायच्या आणि मी चावायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की उरलेली कचकच वेगळी आहे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, ती दाताला लागत नाही, घशाला लागते. मुरमाची दाताला लागते, पण दाबली की फुटते. ही फुटत नव्हती. मी वस्तीतल्या गिरणीत जाऊन आलो. गिरणीचे दगड नुकतेच टाकी लावून खरखरीत करून घेतले होते. अशा वेळी पहिल्या दळणांत दगडाची बारीक कच उतरते, हे आपल्या आज्यांना जात्यावर माहीत होतं. मी मोठ्या आनंदाने अक्कांना ही बातमी सांगितली.

"हां," अक्का म्हणाल्या, "आते आम्हनी गिरनीबी तुम्हले वाईट दिसनी का?"

तो विषय त्यांनी तिथेच मिटवला. पण पुढचं दळण दुसऱ्या गिरणीतून आलं.

त्या उन्हाळ्यातला अर्धा माल वाचला. अर्धा गेला तो गेलाच. शेठनी भरपाईचं बोलणं काढलं, ते अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी काय करणार ते सांगा. कारण पुढच्या वर्षीही शिवार बोडकंच राहणार होतं.

पावसाळ्यात मी शेठना म्हटलं, "दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या जमिनीत दादर पेरू या." दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. काळ्या मातीत पाऊस संपता संपता पेरली की जमिनीतल्या ओलीवर येते, वरून पाणी मागत नाही. होळीच्या आसपास कापायची, पण धसकटं गुडघ्याएवढी उभी ठेवायची. मुळं माती धरून ठेवतात, धसकटं वारा अडवतात. पाणी नको, तोफ नको, मान्यवर नको.

शेठ अक्षरशः उठून उभे राहिले. "नाना, ही जमीन एन.ए. करायला माझे जोडे झिजले. आता तुम्ही तिला परत शेती करता? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"कमानीवर हिरवळ लिहिलीय, शेठ. आजवर दिसली कुणाला?"

दोन दिवस ते साइटवर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी बियाणं घेऊन आले. पेरणी अक्कांच्या वस्तीतल्या बायकांनी केली, या बोलीवर की कापणी त्यांची आणि दाणाही त्यांचा.

थंडीत दादर पुरुषभर उंच झाली. शेठच्या विक्रीवाल्या पोरांनी पुण्याच्या एका कुटुंबाला हे विदेशी शोभेचं गवत असल्याचं सांगितलं. त्या कुटुंबातले आजोबा चोपड्याचे निघाले. त्यांनी एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "गवत गोड आहे." त्यांनी प्लॉट घेतला. त्यानंतर शेठनी कणसं दाखवूनच गिऱ्हाइकं पटवली, हुरडाही खाऊ घातला. चार महिन्यांत दादर ही मूळ त्यांचीच कल्पना झाली होती. मी हरकत घेतली नाही. कल्पना मोठ्या माणसाची झाली की तिला पाणी मिळतं. ही तर बिनपाण्याची होती.

पण हे सगळं ठीक. धसकटं वारा अडवतील की नाही, हे चैत्रच सांगणार होता. तो आला, पश्चिमेचा वारा सुटला. मी साइटवर उभा राहून पाहत होतो. रस्त्यांच्या पट्ट्यांवर थोडा फुफाटा उठला, धसकटांपर्यंत गेला, आणि तिथे अडखळून बसला. समोरच्या गच्च्या स्पष्ट दिसत होत्या. कठड्याला लाल लुगडं होतं, सवयीने बांधलेलं.

आठवड्याने अक्का सूप घेऊन आल्या. आमच्याच प्लॉटमधल्या दादरचे बिबडे. मागे पाच-सहा बायका, त्याही काही कारण नसताना आलेल्या. निंबाने टँकर बंद केला. मी खाल्ला. कुरकुर झाली, भाजलेल्या बिबड्याची व्हायला हवी तेवढीच. पण माझ्या तोंडाकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांची नजर शेठवर.

अक्कांनी त्यांच्यापुढे बिनलसणाचा बिबडा धरला. शेठनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला. थांबले. पुन्हा चावला. कपाळाला आठी पडली.

"काय व्हयनं, शेठ?" अक्कांचा आवाज किंचित बदलला होता.

"चांगला आहे," शेठ म्हणाले. "पण गेल्या वर्षीपेक्षा काहीतरी कमी लागतंय."

अक्कांनी सूप खाली ठेवलं.

"धूळ, शेठ," त्या म्हणाल्या. "धूळ कमी शे."

आता तिथे तिन्ही टप्पे पुरे झाले आहेत. दादरच्या जागी घरं आहेत, आणि चांगलं शिवार होतं हे मला येता-जाता आठवतं. माझ्या धंद्याने धूळ कमी केली तशी काळी मातीही कमी केली, हे नाकारता येत नाही. सिंह मात्र कमानीवर आहेत. चैत्रात गेलो तर नव्या घरांच्या गच्च्यांवरही लुगडी पसरलेली दिसतात, आणि कुठे नवीन मजला चढत असेल तर त्याचा गवंडी टाइल कापायला घेण्याआधी मान वर करून शेजारची गच्ची बघतो. का बघतो, ते त्याला विचारलं तर सांगता येणार नाही. म्हणतो, इथली पद्धतच आहे.